बोटाचा चिमटा

"तितं गेल्यावर कुणाला तरास द्यायचा न्हाई, यशोधरा. इचारलं तेवडंच सांगायचं, दिलं तेवडंच घ्यायचं. आपल्यापायी कुणाच्या कपाळाला आठी पडाय नको."

मळवलीच्या फलाटावर लोकलची वाट बघताना येसूबाईनं सुनेला असं बजावलं होतं. ऑपरेशन येसूबाईचं, पण पोरीला नांदायला धाडावं तशा सूचना तीच देत होती. पायात नव्या चपला, हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन जुनी लुगडी, आणि दर पाचव्या पावलाला मांड्या आवळून थांबणं. हे थांबणं यशोधराला ठाऊक होतं. भाजे गावात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याला, सीताराम आबांनाही नाही, पोटच्या गौरवलाही नाही.

आठ वर्षं येसूबाईचं अंग बाहेर येत होतं. चिखलात वाकून रोपं लावताना, भाताचे भारे डोक्यावर घेताना, शनिवार-रविवारी लेण्यांच्या पायथ्याशी पर्यटकांसाठी कणसं भाजत उकिडवं बसताना. ती जुनं लुगडं फाडून त्याची घट्ट घडी करी, आत लावी आणि वर काष्टा ओढून कामाला लागे. एकदा गोठ्यामागं वाळत घातलेल्या त्या चिंध्या यशोधराच्या हाती लागल्या. त्यावरचे डाग बघून तिनं विचारलं, तेव्हा येसूबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "बोलू नगस. म्हाताऱ्याला लाज वाटंल."

दीड वर्ष यशोधरा पाठीस लागली होती. "आत्या, गर्भाची पिशवी काढली की सुटाल. चार दिवसांचं तर काम." येसूबाई म्हणायची, भाताची आवणी उरकू दे. आवणी उरकली की बेणणी, बेणणी उरकली की कापणी. या वर्षी जुलैत रोपं वीतभर झाली आणि एका सकाळी वाफ्यातच तिला उठता येईना. तेव्हा कुठं ती तयार झाली. तीसुद्धा, "शुक्रवारी कापा म्हनावं, सोमवारी मला रानात जायचंय," असं म्हणत.

शुक्रवारी सकाळी नऊला ऑपरेशन झालं. घोरावाडीला उतरून रिक्षानं जायचं, हायवेच्या अंगाला तो दवाखाना. पावणेअकराला डॉक्टरबाई टोपी काढत बाहेर आल्या आणि गौरवला म्हणाल्या, छान झालंय, काळजी करू नका. गौरवनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग तो शनिवारच्या पर्यटकांसाठी कणसांची पोती उतरवून घ्यायला गावाकडं परतला. यशोधरा थांबली.

बाराला येसूबाईला बायकांच्या वॉर्डात आणलं. अठरा खाटा आणि सिस्टर एकच, सुमय्या. लोणावळ्याची पोर, वय पंचवीसच्या आत. निळ्या कपड्यांवर पांढरा स्कार्फ, चालणं घाईचं आणि बोलणं हळू. तिनं उशाशी एक मशीन लावलं, येसूबाईच्या बोटाला चिमटा अडकवला. चिमट्याच्या आत लाल दिवा. मशीनवर आकडे उमटले, लगेच गेले आणि ते पीं पीं करायला लागलं.

"मावशी, बोटं आहेत का लाकडं?" सुमय्या त्यांची बोटं चोळत म्हणाली.

"चाळीस पावसाळं चिखलात गेल्यात, बाय. तुज्या मिशनीला कुटनं घावायची?"

सुमय्या हसली. तिनं मधलं बोट धरलं, जरा वेळ दाबून ठेवलं. मशीनवर आकडा आला. ती यशोधराला म्हणाली, "वहिनी, वरचा आकडा श्वासाचा, खालचा नाडीचा. चिमटा निघाला, आवाज आला, की मला हाक मारा. मी दर अर्ध्या तासानं बीपी बघायला येतेच."

बाराला बीपी बघितलं, साडेबाराला बघितलं, एकला बघितलं. दरवेळी सुमय्यानं कागदावर लिहिलं आणि "मावशी, मस्त," असं म्हणून गेली.

एकनंतर चिमटा धरेना. पीं पीं सुरू झालं. यशोधरानं हाक मारली. सुमय्या पळत आली, बोट बदललं, चोळलं, आकडा आला. ती वळली न वळली तोच परत आवाज. शेजारच्या खाटेवर एक बाळंतीण होती. तिचं दोन दिवसांचं लेकरू आवाजासरशी दचके, हातपाय झाडी आणि रडायला लागे. त्याची आजी खाटेच्या कडेला बसली होती. तिनं येसूबाईच्या पिशवीकडं, लुगड्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "किती वाजवायचं ते? आम्हीपण पैसे भरूनच आलोय हितं."

यशोधरानं परत हाक मारली. सुमय्या तोवर दाराशी स्ट्रेचर ओढत होती. हायवेवर गाडी उलटली होती, दोन बायका रक्तानं माखून आल्या होत्या. ती तिथूनच म्हणाली, "आवणीचे हात आहेत वहिनी, होतं असं. चोळत राहा. येतेच मी."

यशोधरा चोळत राहिली. येसूबाईची बोटं गार होती. ओढ्यात तासभर हात घालून बसावं तशी. तळव्यावरच्या भेगांत सालाबादचा काळा चिखल कायमचा मुरलेला. फुंकर घातली, आपल्या गालाशी धरली. पीं पीं. लेकरू रडलं. आजीनं जीभ टाळ्याला लावून च्यक केलं.

"काढ ते," येसूबाई म्हणाली. "लेकरू भितंय."

"आत्या, काढायचं न्हाई म्हनल्यात सिस्टर."

"मंग तुज्या बोटाला लाव. तुजी बोटं कवळी हायेत. मिशनीला काय, बोट पायजे."

यशोधरानं दाराकडं बघितलं. तिथं सुमय्या नव्हती. तिनं चिमटा काढला आणि आपल्या डाव्या हाताच्या बोटाला लावला. हात येसूबाईच्या पांघरुणाखाली सरकवला. मशीन गप्प झालं. वर अठ्ठ्याण्णव. खाली ब्याऐंशी.

वॉर्ड शांत झाला. लेकरू दूध ओढायला लागलं. आजीनं मान हलवली, जणू काही एकदाचं कळलं या लोकांना.

"बगितलंस?" येसूबाई म्हणाली. "आता पडते जरा."

मग तिला जांभया यायला लागल्या. एकामागून एक, तोंड भरून. यशोधराला वाटलं, झोप येतेय. कपाळावर घाम होता तो तिनं पदरानं टिपला. येसूबाईनं पाणी मागितलं. पाणी द्यायचं नव्हतं, म्हणून ओला कापूस ओठांवर फिरवला. "वरच्या खाचराचा बांद फुटला आसंल," येसूबाई म्हणाली. "आबाला म्हनावं, फावडं घेऊन जा." यशोधरा म्हणाली, सांगते. थोड्या वेळानं येसूबाई म्हणाली, "अंधारलं का गं?" बाहेर पावसाचं आभाळ होतं, म्हणून यशोधरा म्हणाली, "व्हय, भरून आलंय."

दीडला सुमय्या दारातून डोकावली. हातमोज्यांना रक्त होतं. तिनं तिथूनच मशीनकडं बघितलं, मान डोलावली, हातमोजा काढून भिंतीशी टांगलेल्या कागदावर आकडे लिहिले. दोनला तसंच. अडीचला तसंच. एका हाताच्या बोटाला चिमटा आणि दुसऱ्या हातात येसूबाईचा हात, अशी यशोधरा हलली नाही. तिला स्वतःलाच डुलकी लागत होती. आपण कुणाला त्रास देत नाही आहोत, आत्या झोपली आहे, सगळं नीट आहे, एवढंच तिच्या मनात होतं. त्या दीड तासाइतकं समाधान तिला त्या आठवड्यात लाभलं नव्हतं.

तीनला सुमय्या हात धुऊन बीपीचा पट्टा घेऊन आली. पट्टा फुगवला, सोडला. परत फुगवला. तिसऱ्यांदा फुगवून कानातली नळी नीट बसवली. मशीनकडं बघितलं: अठ्ठ्याण्णव, ब्याऐंशी. मग येसूबाईच्या तोंडाकडं बघितलं. ते तोंड राखेसारखं झालं होतं.

"मावशी. मावशी, डोळे उघडा." तिनं गालावर चापट्या मारल्या. मग चादर वर केली आणि दाराकडं धावत ओरडली, डॉक्टरांना बोलवा, ऑपरेशन थिएटर उघडा.

ती वळली तेवढ्यात यशोधरानं आपल्या बोटाचा चिमटा काढला आणि येसूबाईच्या बोटात घातला.

विचार करून काही केलं नाही. हात आपोआप चालला. सुमय्या परतली तेव्हा मशीनवर नुसत्या रेघा होत्या, आणि ते कर्कश वाजत होतं.

साडेपाचला डॉक्टरबाई बाहेर आल्या. या वेळी टोपी तशीच डोक्यावर होती. गौरव आणि सीताराम आबा येऊन पोचले होते. आतली एक शीर सुटली होती, म्हणाल्या, रक्त पोटात साचत गेलं, बाहेर दिसलं नाही. रक्ताच्या चार पिशव्या दिल्या, उशीर झाला होता.

"दोन तास आधी कळलं असतं तर," त्या कागद उलटत म्हणाल्या. त्या स्वतःशीच बोलत होत्या. "हातपाय गार पडतात, मशीन बोट धरत नाही, नाडी पळायला लागते. पण इथं तर तिन्ही वेळा अठ्ठ्याण्णव, ब्याऐंशी."

"कुनी लिवलंय?" गौरव म्हणाला.

सुमय्या भिंतीशी टेकून उभी होती. तिचे ओठ हलत होते.

यशोधरा बाकावर बसली होती. गार बोटं. तिनं आपली डावी मूठ उजव्या हातात झाकून घेतली.

*

शनिवारी सकाळी गाडी येसूबाईला घेऊन मळवलीचा पूल उतरली आणि थांबली. भाज्याचा रस्ता मोटारींनी गच्च भरला होता. पावसात भिजलेली पोरं मोटारींच्या टपांवर बसून नाचत होती, कुठलं तरी गाणं छातीत धडधडत होतं. पाऊण किलोमीटरला दीड तास लागला. एका ओल्या तोंडाच्या पोरानं काचेवर टकटक केलं. आबांनी काच खाली घेतली.

"काका, धबधबा कुठून?"

आबांनी हात करून वाट दाखवली. "त्या चिचंपासनं वर," म्हणाले, आणि काच वर केली. त्यांच्या मांडीवर येसूबाईच्या नव्या चपला होत्या.

पुढं घरात माणसं आली, गेली. विहारात वंदना झाली. पण रोपं कुणासाठी थांबत नाहीत. वाफ्यात पिवळी पडायला लागली होती. चौथ्या दिवशी आबा बैल घेऊन चिखलणीला गेले. त्यांच्यामागं यशोधरा गेली, शेजारची शालूबाई आली, आळीतल्या आणखी चार बाया आल्या. पाऊस उभा होता. पाठीवर इरली घेऊन बाया ओळीनं वाकल्या. येसूबाईची जागा ओळीत डावीकडून पहिली, तिथं कुणी उभं राहीना, म्हणून शालूबाई म्हणाली, "तू हो पुढं, सून हायेस." यशोधरा पुढं झाली. चार-चार काड्या चिखलात खोचत मागं सरकायचं. कंबर, मांड्या, बोटं. दुपारपर्यंत तिची बोटं गार पडली आणि ती एकदम चिखलात बसली. बायांना वाटलं, दुःखानं.

घरात रोज सकाळी पहिला घोट पाण्याआधी पंचशील म्हणायचं, हा येसूबाईचा नेम. लग्न होऊन आल्यापासून तो यशोधराचाही झाला होता. आता ती एकटीच मेणबत्ती लावून बसे. पहिलं शील म्हणे, दुसरं म्हणे, तिसरं म्हणे. चौथ्याशी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन म्हणतात तिथं, ती थांबे. ती ते सोडून पाचव्यावर जाई. ती इतकं हळू म्हणे, की सुटलेलं कुणाला कळत नसे. पण त्यानंतर पाण्याचा तांब्या ती तसाच झाकून ठेवी.

गौरव दिवसभर फोनवर असायचा. त्यानं अर्ज केला होता. सुमय्याला दवाखान्यानं घरी बसवलं होतं आणि सोमवारी अकराला चौकशी ठेवली होती.

"मोबाईल बघत बसली आसनार," तो जेवताना म्हणायचा. "न बगताच आकडं लिवलं. हिचं आयुष्य घालवतो मी. परत कुटल्या दवाखान्यात पाय ठेवू देत न्हाई."

"अवो," यशोधरा एकदा म्हणाली. "मला एक सांगायचंय. त्या दिवशी मी—"

"तू हितं नको बोलूस. तू व्हतीस म्हनून तरी कुनी तरी जवळ व्हतं आईच्या." त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. आठ वर्षांच्या संसारात चारचौघांत त्यानं असा हात कधी ठेवला नव्हता. "तुजा हात धरून गेली ती. तेवडंच बरं वाटतं मला."

यशोधरानं ताटातला घास कालवला, कालवला, आणि उठून गाईपुढं टाकला.

पाचव्या दिवशी, बुधवारी दुपारी, सुमय्या आली. सोबत तिचा बाप, राजमहंमद. लोणावळ्यात पावाची भट्टी चालवणारा, दाढी पांढरी झालेला, पावसानं निथळणारा माणूस. दोघं ओट्याच्या खालीच उभी राहिली. वर या, असं कुणी म्हटलं नाही.

"जयभीम, आबा," राजमहंमद म्हणाला. "माझी पोरगी आहे. पाच दिवस झाले, तोंडात घास घेत नाही. म्हणते, एकदा मावशींच्या घरी ने."

"कशाला?" गौरव ओट्यावरनं म्हणाला. "मेल्याची खात्री करायला?"

"गौऱ्या," आबा म्हणाले.

"न्हाई आबा, इचारू द्या की. बगितलं व्हतं का गं तू जवळ येऊन? हात लावून? का लांबनंच?"

"लांबून बघितलं," सुमय्या म्हणाली. "दोन बायका सिरीयस होत्या. मी एकटी होते. बीपी राहिलं, ती माझी चूक आहे. मी तसं लिहून दिलंय." मग तिनं यशोधराकडं बघितलं. "पण वहिनी, आकडा मी मनानं नाही लिहिला. तुम्ही होतात ना तिथं. अठ्ठ्याण्णव होतं ना? का मलाच दिसलं? मला आता काही कळत नाही. डोळे मिटले तरी तो आकडा दिसतो. सगळे म्हणतात, शक्यच नाही. मला वाटायला लागलंय, मला वेड लागलंय."

सगळे यशोधराकडं बघत होते.

"व्हतं," ती म्हणाली.

"मशिन बिघडलेलं आसंल मंग," गौरव म्हणाला. "मंग तर दवाखान्यालाच धरतो. निगा आता."

राजमहंमदनं आबांना हात जोडले. आबांनीही जोडले. बापलेक चिखलातून रस्त्याकडं निघाली.

यशोधरानं घागर उचलली आणि पाण्याच्या निमित्तानं त्यांच्यामागं गेली. वळणापाशी गाठलं. राजमहंमद पुढं स्कूटरकडं गेला होता. सुमय्या थांबली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मनगटं काडीसारखी दिसत होती.

"सिस्टर," यशोधरा म्हणाली.  तिनं घागर खाली ठेवली. "तुमाला वेड बिड लागल्यालं न्हाई. आकडा खरा व्हता."

"मग मावशी..."

"सोमवारी मी येते. अकराला. समद्यांच्या म्होरं सांगते काय व्हतं ते."

"काय होतं, वहिनी?"

यशोधरा रस्त्याकडं बघायला लागली. सुमय्या तिच्याकडं बघत राहिली, मग हळूहळू तिची नजर खाली उतरली आणि यशोधराच्या डाव्या हातावर थांबली. यशोधरानं तो हात पदराखाली घेतला.

 सुमय्या म्हणाली, "तुम्हाला घरात राहू देतील का?"

"तुमी जेवा," यशोधरा म्हणाली. "मी येते म्हनलं ना."

*

सोमवारी सकाळी आठला गौरव बाईक काढून गेला. जाताना म्हणाला, "तू आवणीचं बघ. आज खालचं खाचर उरकलं पायजे. तितं बायामानसांचं काय काम न्हाई."

यशोधरानं भाकऱ्या केल्या. दुपारच्या केल्या, मग संध्याकाळच्याही करून दुरडीत झाकून ठेवल्या. कालवण दोन वेळचं केलं. आबांच्या गोळ्या वाटीत काढून वाटी कोनाड्यात ठेवली. आबांचा हात जाईल अशा उंचीवर. कापडी पिशवीत आपली दोन लुगडी घातली. वडिवळ्याला माहेरी थोरला भाऊ होता. तो दारात घेईल का नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. पिशवी तिनं इरल्याखाली बांधून घेतली आणि रानात गेली.

नऊपर्यंत तिनं ओळीत रोपं लावली. डावीकडून पहिली. बाया कमी बोलत होत्या. आबा पलीकडच्या खाचरात बैलांमागं चालत होते; चिखल त्यांच्या गुडघ्यावर आला होता. त्यांची पाठ तिच्याकडं होती. ती पाठ तिनं जरा वेळ बघितली. या माणसाला तिनं अजून काहीच सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला वेळ उरला नव्हता.

हातातली जुडी संपली. शालूबाईनं दुसरी फेकली. ती चपकन चिखलात पडली. यशोधरानं ती उचलली नाही.

"काय गं? रांग खोळंबली."

"तुमी लावा, मावशी. मला जायचंय."

"कुटं, आता? उरलं किती हाय बग."

"घोरावाडीला."

"गौरव गेलाय की."

"व्हय," यशोधरा म्हणाली.

ती बांधावर चढली. कडेच्या पाटात पाय धुतले, हात धुतले. नखांतला चिखल काडीनं कोरून काढला, सगळा निघाला नाही. इरलं उतरवून बांधावर पालथं ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला. पदर डोक्यावर घेतला, पिशवी काखेत मारली. मागं शालूबाई काही तरी विचारत होती. पावसाच्या आवाजात ते नीट कळलं नाही.

पुण्याकडं जाणारी लोकल यायला अजून अर्धा तास होता. ती मळवलीच्या वाटेला लागली.